डॉक्टरांनी विचारलं तर पोरानं काय सांगायचं?

बार्शीहून येणारे असे फोन बहुधा रात्री साडेनऊनंतर येतात. दुकान बंद झालेलं असतं, जेवणं उरकलेली असतात, धाकटी भावंडं झोपलेली असतात. मग मुलाचा मामा हळू आवाजात बोलायला लागतो. बाप क्वचितच बोलतो. आई मागून काहीतरी सांगत असते आणि मामा तिला ‘थांब गं, विचारतोय’ म्हणत असतो. कॉलेजच्या गेटवरची खुन्नस, मिरवणुकीतला धक्का, कुणाच्या तरी स्टेटसवरून झालेली शिवीगाळ असं काहीतरी निमित्त असतं. एका घरचा मुलगा दवाखान्यात असतो, नाहीतर गेलेला असतो. दुसऱ्या घरचा, सोळा-सतरा वर्षांचा, पोलिसांनी उचललेला असतो.

पूर्वी पहिला प्रश्न ‘सुटेल ना?’ हा असायचा. हल्ली दुसराच असतो: ‘बाल न्याय मंडळानं मानसिक तपासणीला पाठवलंय. डॉक्टरांनी विचारलं तर पोरानं काय सांगायचं?’ बार्शी, वैराग, पांगरी, सगळीकडून हाच प्रश्न आल्यामुळे एकदा नीट लिहून काढते. मी समुपदेशक आहे, वकील नाही. खाली कायद्याचं जे लिहिलंय ते तुम्हाला वकिलापुढे बसून योग्य प्रश्न विचारता यावेत एवढ्यापुरतं आहे.

आधी कलम बघा

‘अठराच्या आतला आहे, काही होत नाही’ आणि ‘आता कायदा बदललाय, मोठ्यांसारखीच शिक्षा होणार’ ही दोन्ही वाक्यं पारावर ऐकायला मिळतात. दोन्ही अर्धवट आहेत. बाल न्याय अधिनियम २०१५ चा आहे, जानेवारी २०१६ पासून लागू आहे, आणि त्यात गुन्ह्यांचे तीन गट आहेत: किरकोळ, गंभीर आणि निर्घृण. मोठ्यांच्या कायद्यात ज्या गुन्ह्याला *किमान* शिक्षाच सात वर्षं किंवा जास्त आहे, तो निर्घृण. मुलाला मोठ्यांसारखं चालवायचं का, हा प्रश्न फक्त या गटात येतो, आणि तोही गुन्ह्याच्या दिवशी मुलाची सोळा वर्षं पूर्ण झालेली असतील तरच. पंधरा वर्षांच्या मुलावर खुनाचा आरोप असला तरी प्रकरण मंडळाकडेच राहतं.

‘किमान’ या एका शब्दावर घरंच्या घरं अडखळतात. लोकांच्या तोंडात अजून कलमांचे जुने आकडे आहेत, म्हणून तेही देते.

- खून (जुनं ३०२, आता भारतीय न्याय संहितेचं १०३): निर्घृण.
- खुनाचा प्रयत्न (जुनं ३०७, आता १०९): शिक्षा दहा वर्षांपर्यंत, इजा झाली असेल तर जन्मठेपेपर्यंत, पण किमान शिक्षा ठरवलेली नाही. म्हणून हा ‘गंभीर’ गट. ‘तीनशेसात लागलं, आता मोठ्यांच्या कोर्टात जाणार’ हे खरं नाही.
- सदोष मनुष्यवध (आता १०५): हाही गंभीर गटातच.
- बलात्कार, पोक्सोतले जबरी संभोगाचे गुन्हे: निर्घृण.
- दरोडा किंवा जबरी चोरी करताना प्राणघातक हत्यार वापरणं: किमान सात वर्षं आहेत, म्हणून निर्घृण. चोरीच्या नादात खिशात चाकू ठेवणाऱ्या मुलांच्या घरच्यांना हे माहीत नसतं.

ही विभागणी सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी २०२० च्या शिल्पा मित्तल प्रकरणातल्या निकालानं स्पष्ट झाली आणि २०२१ च्या दुरुस्तीनं कायद्यात आली. पुण्याच्या कल्याणीनगरमध्ये मे २०२४ मध्ये मोटारीखाली दोन तरुण अभियंते गेले, ते प्रकरण तुम्हाला आठवत असेलच. जामिनाच्या अटीतला तीनशे शब्दांचा निबंध सगळ्यांना पाठ आहे. त्यापुढचं कुणाला आठवत नाही. गाडी चालवणाऱ्या त्या सतरा वर्षांच्या मुलाला मोठ्यांसारखं चालवावं ही पोलिसांची मागणी मंडळानं जुलै २०२५ मध्ये फेटाळली. लावलेल्या कलमांना किमान सात वर्षांची शिक्षा नाही, हाच बचावाचा मुद्दा होता. त्यात श्रीमंतीचा वास येतो म्हणून लोक चिडले. चीड मला समजते, पण हाच नियम बाजार समितीत हमाली करणाऱ्याच्या मुलालाही लागू आहे, आणि त्याच्या घरी तो कुणी सांगत नाही.

आणखी एक गोष्ट बघा. कलमापुढे ‘३(५)’ लिहिलंय का? जुन्या ३४ चं हे नवं रूप, म्हणजे समान इराद्यानं केलेलं कृत्य. ज्यानं वार केला त्याच्याबरोबर गाडी चालू ठेवून थांबलेल्यावरही खुनाचं कलम येतं ते यामुळे. तुमचा मुलगा नेमका कुठे उभा होता, हे पुढे मानसिक मूल्यमापनातही महत्त्वाचं ठरतं.

पहिले चोवीस तास

- मुलाला कोठडीत ठेवता येत नाही, बेड्या घालता येत नाहीत. प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांत त्याला मंडळापुढे नेलंच पाहिजे. प्रत्येक ठाण्यात बाल कल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असतो. ठाण्यात गेल्यावर हवालदाराशी हुज्जत घालू नका, थेट त्या अधिकाऱ्याला भेटायचंय म्हणून सांगा.
- मुलाकडून कुठल्याही जबाबावर सही घेता येत नाही, कबुलीसाठी दबाव आणता येत नाही. चौकशीच्या वेळी तुम्ही हजर राहू शकता.
- मारहाण झाली असेल तर वैद्यकीय तपासणीत ती नोंदवून घ्या. अंगावरच्या खुणा दोन दिवसांत जातात.
- वकील परवडत नसेल तर बार्शीच्या न्यायालयातल्या तालुका विधी सेवा समितीत जा किंवा १५१०० ला फोन करा. मुलांना मोफत वकील मिळतो, त्याला उत्पन्नाची अट नाही. मुलांच्या मदतीसाठी १०९८ आहे.
- बरोबर पकडलेला मित्र एकोणीस वर्षांचा असेल तर दोघांचं प्रकरण एकत्र चालत नाही. त्याच्या वकिलाकडेच तुमच्या मुलाचं वकीलपत्र देऊ नका. दोघांचं हित पुढे जाऊन एकमेकांच्या विरोधात जाऊ शकतं.
- मोठ्या माणसानं मुलाच्या हातात हत्यार देऊन काम करून घेतलं असेल तर तो माणूस वेगळा गुन्हेगार आहे, सात वर्षांपर्यंत सक्तमजुरीचा. हे वकिलाला पहिल्याच भेटीत सांगा.

अजून पकडलेलं नसेल आणि नाव मात्र आलं असेल तर नातेवाइकाच्या शेतावर लपवून ठेवू नका. अल्पवयीन मुलालाही अटकपूर्व जामिनासाठी अर्ज करता येतो, हे मुंबई उच्च न्यायालयानं २०२२ मध्ये सांगितलंय.

जामिनाबद्दल एवढंच लक्षात ठेवा की मुलाच्या बाबतीत जामीन हा नियम आहे, गुन्हा कितीही मोठा असला तरी. सुटल्यावर तो गुन्हेगारांच्या संगतीत जाईल, त्याच्या जिवाला किंवा मनाला धोका होईल, किंवा न्यायाचा हेतूच फसेल, असं वाटण्याजोगी कारणं असतील तरच मंडळ नाकारू शकतं, आणि ती लिहून द्यावी लागतात. म्हणून ‘जामीन द्या’ एवढंच म्हणू नका. मुलगा कुठे राहील, कुणाच्या नजरेखाली, दिवसभर काय करेल, याची योजना लिहून न्या. कुर्डुवाडीच्या मावशीकडे राहणार असेल तर मावशीला बरोबर न्या.

वयाचा कागद

वयाच्या पुराव्याचा क्रम ठरलेला आहे. आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं बोर्डाचं प्रमाणपत्र. ते नसेल तर नगरपालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला. दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी. म्हणजे गुरुजींनी पटावर लिहिलेली तारीख तुमच्या घरातल्या पत्रिकेपेक्षा भारी. आपल्याकडे एके काळी निम्मं गाव १ जूनला जन्मलेलं असायचं. ती गंमत एखाद्या मुलाला सोळाच्या अलीकडे किंवा पलीकडे टाकू शकते. तारीख खरोखर चुकलेली असेल तर जन्मदाखला, दवाखान्याची नोंद, मोठ्या-धाकट्या भावंडांच्या तारखा वकिलाला द्या. वयाचा मुद्दा कुठल्याही टप्प्यावर, निकालानंतरही, मांडता येतो. मात्र घाईघाईनं नवा दाखला ‘काढून आणू’ नका. पुण्याच्या त्या प्रकरणात रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून मुलाचे आईवडील आणि डॉक्टर अटकेत गेले. मुलासाठी केलेली लबाडी आईबापांवर स्वतंत्र गुन्हा होऊन बसते.

तपासणीत नेमकं काय बघतात

कायद्यात याला प्राथमिक मूल्यमापन म्हणतात, कलम १५. हा खटला नव्हे. मुलानं गुन्हा केला की नाही हे तिथे ठरत नाही. तो निर्दोष आहे असंच धरून चालायचं असतं. मंडळाला चार गोष्टी जाणून घ्यायच्या असतात: असा गुन्हा करण्याची मुलाची शारीरिक क्षमता, मानसिक क्षमता, परिणाम समजण्याची कुवत, आणि ज्या परिस्थितीत तो घडल्याचा आरोप आहे ती परिस्थिती. मंडळात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात. त्यांच्यापैकी कुणाकडे बालमानसशास्त्राची किंवा मनोविकारशास्त्राची पदवी नसेल तर तज्ज्ञाची मदत घेणं बंधनकारक आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२२ मध्ये, गुरुग्रामच्या शाळेतल्या मुलाच्या खुनाच्या प्रकरणात, सांगितलं. त्याच निकालात आणखी एक गोष्ट आहे जी तुमच्या कामाची आहे. मुलाचा बुद्ध्यांक चांगला आला म्हणून त्याला परिणाम कळत होते असं ठरत नाही. परिणाम म्हणजे फक्त ‘मारलं तर माणूस मरतो’ हे नव्हे. त्या घराचं काय होईल, आपल्या घराचं काय होईल, वीस वर्षांनी आपलं काय झालेलं असेल, एवढं सगळं त्यात येतं. सोळाव्या वर्षी, चार मित्र भोवती असताना, यातलं किती सुचतं? तुमचं स्वतःचं सोळावं वर्ष आठवून बघा.

प्रत्यक्षात काय होतं ते सांगते, कारण भीती अज्ञाताची असते. मुलाला सोलापूरच्या सिव्हिलच्या मनोविकार विभागात किंवा मंडळानं नेमलेल्या मानसशास्त्रज्ञाकडे नेतात. झोप, भूक, शाळा कधी सुटली, कुठल्या विषयात अडायचा, घरात कोण कोण, दारू कोण पितं, लहानपणी डोक्याला मार लागला होता का, आकडी यायची का, मित्र कोण, गुटखा-गांजा-गोळ्या, कुणी त्रास दिला होता का, असं विचारतात. काही चाचण्या असतात: चित्रं, ठोकळे, वाक्यं पूर्ण करणं. तुमच्याशीही वेगळं बोलतात. हे सगळं एकाच बैठकीत अर्ध्या तासात उरकलं असेल तर ती तारीख आणि वेळ लिहून ठेवा. अहवालावर हरकत घ्यायची वेळ आली की ती नोंद उपयोगी पडते.

खोटं पकडायचं यंत्र वगैरे काही लावत नाहीत. एका मामांनी मला ‘वायरी लावतात का हो?’ असं विचारलं होतं.

शिकवून पाठवू नका

आता मूळ प्रश्न. मी तीन प्रकारची ‘तयारी’ पाहिली आहे, आणि तिन्ही अंगाशी आलेल्या पाहिल्या आहेत.

पहिली, पाठांतर. ‘मला काही आठवत नाही, मला काही कळत नव्हतं’ हे वाक्य मुलाकडून घोकून घेतलेलं असतं. मुलगा ते चौथ्या प्रश्नाला म्हणतो, आणि अकराव्या प्रश्नाला मित्राच्या गाडीचा नंबरही सांगतो. तज्ज्ञ मग लिहितो: ‘उत्तरं शिकवलेली वाटतात, मुलगा माहिती जाणीवपूर्वक लपवतो.’ जाणीवपूर्वक लपवणं म्हणजेच परिणाम कळणं, असा अर्थ काढायला तुम्हीच वाट करून दिलेली असते.

दुसरी, वेडाचं सर्टिफिकेट. खाजगी डॉक्टरकडून ‘मानसिक रुग्ण’ असं लिहून आणायचं आणि पुढे करायचं. मनोरुग्ण असल्यामुळे कृत्याचं स्वरूपच कळत नव्हतं, हा बचाव कायद्यात आहे, संहितेचं कलम २२. पण तो कृत्याच्या क्षणाबद्दल असतो आणि सिद्ध करावा लागतो. घटनेनंतर चार दिवसांनी काढलेल्या कागदानं तो सिद्ध होत नाही. उलट मुलाच्या माथी एक शिक्का बसतो आणि तो आयुष्यभर पुसायचा राहतो. खरा आजार असेल तर गोष्ट वेगळी. त्याचे जुने केसपेपर असतातच, तेच द्या.

तिसरी तयारी फार सभ्य घरांत होते. घरातलं काही सांगायचं नाही. बाप मारायचा, हे सांगायचं नाही. आठवीत असताना नात्यातल्या माणसानं काय केलं होतं, हे सांगायचं नाही. दोन वर्षांपूर्वी मुलानं फवारणीचं औषध तोंडाला लावलं होतं, तेही सांगायचं नाही, कारण तेव्हा दवाखान्यात ‘चुकून’ असं लिहिलं होतं. अब्रू म्हणून लपवलेल्या याच गोष्टींनी कायद्यातला ‘परिस्थिती’ हा शब्द भरत असतो. त्या काढून घेतल्या की कागदावर उरतो फक्त एक धडधाकट मुलगा आणि एक कोयता.

मग सांगायचं काय? असं करा.

1. तपासणीच्या आधी मुलाची वकिलाशी एकांतात भेट झालीच पाहिजे. त्या दिवशी काय घडलं याबद्दल किती बोलायचं, ते वकील सांगेल. ‘त्या दिवसाबद्दल मी वकिलांना विचारून बोलेन’ असं म्हणायचा मुलाला हक्क आहे. हे शांतपणे म्हणणं आणि ‘आठवत नाही’ म्हणणं यात फरक आहे.
2. बाकी सगळं, म्हणजे घर, शाळा, मित्र, झोप, नशा, मारहाण, भीती, खरं सांगायचं. न कळलेला प्रश्न पुन्हा विचारायला सांगायचा. मुलगा घरात कन्नड, उर्दू किंवा तेलुगू बोलत असेल तर त्या भाषेत विचारायची विनंती आधीच करा.
3. सुरुवातीलाच विचारा: ‘हे कुणाकुणाला कळणार?’ हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे. उपचार करणाऱ्या डॉक्टरशी बोललेलं आणि मूल्यमापन करणाऱ्याशी बोललेलं यात जमीनअस्मानाचा फरक. मूल्यमापन करणारा मुलाचा डॉक्टर नसतो. तो मंडळासाठी लिहीत असतो आणि मुलाचं बोलणं अहवालात जातं. चांगला तज्ज्ञ हे आपणहून सांगतो. मुलाला उपचारही हवे असतील तर ते दुसऱ्या माणसाकडून घ्या.
4. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं बोलण्यात आलं तर ते पोलिसांना कळवणं तज्ज्ञाला कायद्यानं भाग आहे. तुम्हाला धक्का बसू नये म्हणून आधीच सांगून ठेवते. ते टाळायला म्हणून मुलाला गप्प बसवू नका.
5. आकडीच्या किंवा मनाच्या आजाराच्या गोळ्या चालू असतील तर ‘डोकं साफ राहावं’ म्हणून त्या दिवशी बंद करू नका. गोळी आणि तिची चिठ्ठी बरोबर न्या.

पिशवीत काय हवं

बार्शीहून सोलापूर सत्तर किलोमीटर. मंडळ जिल्ह्याच्या ठिकाणी बसतं, त्यामुळे एखादा कागद घरी राहिला तर अख्खा दिवस आणि बहुधा पुढची तारीखही गेली. एक फाइल करा, तिच्या दोन झेरॉक्स, एक वकिलाकडे आणि एक घरी.

- शाळेचा दाखला, सगळ्या वर्षांच्या गुणपत्रिका. एकाच वर्षी गुण अचानक घसरलेले असतील तर तिथे पेन्सिलनं खूण करा, त्या वर्षी घरात काय झालं होतं ते आठवून ठेवा.
- डोक्याच्या जखमेची, फिटची, बाळंतपणातल्या अडचणीची, बालवयातल्या मोठ्या आजाराची डिस्चार्ज कार्डं.
- अपंगत्वाचं किंवा अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र असल्यास.
- वर्गशिक्षक, क्लासचे सर, तालमीचे वस्ताद, जिथे सुट्टीत काम करायचा त्या गॅरेजवाल्याचं पत्र. ‘मुलगा सद्गुणी आहे’ असलं पत्र निरुपयोगी. ‘दोन उन्हाळे माझ्याकडे होता, पैशाचा हिशेब बरोबर द्यायचा, चिडला की बोलायचा नाही, बाहेर जाऊन बसायचा’ असं हवं.
- घरात मारहाण होत असल्याची पूर्वीची तक्रार, व्यसनमुक्तीचे कागद.

याशिवाय परिविक्षा अधिकारी घरी येतात. त्यांचा सामाजिक तपासणी अहवाल दोन आठवड्यांत मंडळापुढे जायचा असतो आणि तज्ज्ञाच्या अहवालाइतकाच वजनदार असतो. त्या दिवशी घर आवरून, देव्हाऱ्यात उदबत्ती लावून, बापाला इस्त्रीचा शर्ट घालून बसवण्यात अर्थ नाही. दोन खोल्यांत सात माणसं राहतात तर तसंच दिसू द्या. त्यांचं नाव आणि कार्यालयाचा पत्ता लिहून घ्या. पुढचं वर्षभर या माणसाशी तुमचा संबंध येणार आहे.

अहवाल आल्यावर

अहवाल गोपनीय असतो, पण त्यातला मजकूर मुलाला आणि पालकांना कळवता येतो आणि त्याविरुद्ध पुरावा देण्याची संधी मिळते. वकिलामार्फत प्रत मागा आणि तीन गोष्टी शोधा.

एक, अहवालात फक्त निष्कर्ष आहे की कारणंही आहेत? ‘मानसिकदृष्ट्या सक्षम’ एवढ्या एका ओळीचा अहवाल हा अहवालच नव्हे. दोन, चारही मुद्द्यांवर काही लिहिलंय का? शारीरिक ताकदीवर पानभर आणि परिस्थितीवर एकही ओळ नाही असं पुष्कळदा होतं. तीन, सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला ‘समाजविघातक व्यक्तिमत्त्व’ किंवा ‘सायकोपॅथ’ म्हटलंय का? मनोविकारांच्या वर्गीकरणाचं जे अमेरिकी पुस्तक आपल्याकडचे डॉक्टरही वापरतात, त्यात समाजविघातक व्यक्तिमत्त्व विकाराचं निदान अठरा वर्षांआधी करता येत नाही. हा शब्द दिसला की हरकत घ्या.

मंडळानं मुलाला मोठ्यांसारखं चालवण्यासाठी बाल न्यायालयाकडे पाठवायचा आदेश दिला तर तीस दिवसांत सत्र न्यायालयात अपील करता येतं, आणि तिथे आधीच्या तज्ज्ञांपेक्षा वेगळ्या तज्ज्ञांची मदत घेता येते. दिवस आदेशाच्या तारखेपासून मोजा. मूल्यमापन तीन महिन्यांत संपवायचं असतं. पण ‘तीन महिने झाले, आता केस आपोआप संपली’ असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. ती मुदत एवढी ताठर नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं मे २०२४ मध्ये स्पष्ट केलंय.

बाल न्यायालयात गेलं म्हणजे संपलं असंही नाही. मोठ्यांसारखं चालवायची गरज आहे का, हे ते न्यायालय पुन्हा ठरवतं. शिक्षा झालीच तरी एकवीस वर्षांचा होईपर्यंत मुलाला तुरुंगात टाकत नाहीत, सुरक्षित स्थानात ठेवतात. एकविसाव्या वर्षी तो किती बदलला हे तपासतात आणि तेव्हाही सोडता येतं. फाशी नाही. सुटकेची शक्यताच नसलेली जन्मठेपही नाही. आणि प्रकरण मंडळाकडेच राहिलं तर समज देण्यापासून समुपदेशन, समाजसेवा, परिविक्षेवर सुटका, आणि जास्तीत जास्त तीन वर्षं विशेष गृह, इथपर्यंतचे आदेश होऊ शकतात.

घरी परत आल्यावर

या भागाकडे कुणाचंच लक्ष नसतं. जामिनावर मुलगा घरी आला की घर दोनपैकी एक काहीतरी करतं: त्याला राजासारखं ठेवतं, नाहीतर त्याच्याशी बोलणं टाकतं. पहिले काही आठवडे धोक्याचे असतात, दुसऱ्यांना नाही तेवढे त्याला स्वतःला. आपल्या भागात प्रत्येक शेतकरी घरात फवारणीची औषधं असतात. ती कुलपात ठेवा, किल्ली आजीकडे द्या. विळे-कोयतेही. रात्री तो जागा दिसला तर कुणीतरी जवळ झोपा. मन मोकळं करायला १४४१६ हा टेली-मानसचा मोफत क्रमांक दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येतं. मुलाआधी तुम्हीच फोन करून बघा.

नशा असेल तर ती मंडळाला सांगा. मुलाला उपचारासाठी पाठवायचा अधिकार मंडळाला आहे, आणि उपचार चालू असल्याचे कागद तुमच्याच बाजूनं बोलतात. परीक्षा जवळ आली असेल तर, निरीक्षणगृहात असला तरी, परीक्षेला बसू द्या असा अर्ज करा. समुपदेशनाला एकट्या मुलाला पाठवून भागत नाही. हिंसा करणाऱ्या मुलांच्या बाबतीत जगभर जे थोडंफार चालतं ते घर, शाळा आणि मित्र यांना एकत्र धरून केलेलं काम. बापानं यायला हवं. ‘मला दुकान आहे’ हे उत्तर मी ऐकून घेते आणि पुढची वेळ दुकान बंद असलेल्या दिवसाची देते.

मुलाचं नाव, फोटो, शाळा छापणं किंवा फिरवणं गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपलाही हेच. स्क्रीनशॉट काढून ठेवा. मुलाचे मित्र ‘भाईचा जामीन’ म्हणून रील टाकत असतील तर ते त्याच दिवशी काढायला लावा. जामीन रद्द करायला सरकारी पक्षाला याहून सोपा कागद मिळत नाही. पुढे नोकरीच्या चारित्र्य पडताळणीत बंद झालेल्या प्रकरणाची नोंद पोलिसांनी द्यायची नसते, आणि बहुतेक प्रकरणांत ती नोंद ठरावीक काळानं नष्ट होते. अपवाद बाल न्यायालयानं मोठ्यांसारखं चालवून दोषी ठरवलेल्यांचा.

समोरच्या घराबद्दल

चार प्रतिष्ठित माणसं बसवून मिटवून टाकू, हा सल्ला तुम्हाला आठवड्याच्या आत मिळेल. खून आणि खुनाचा प्रयत्न आपसात मिटत नाहीत. त्यासाठी जखमी मुलाच्या घरी माणसं पाठवणं म्हणजे साक्षीदारावर दबाव, आणि तो जामिनावर बेततो. माफी मागावी असं तुम्हाला मनापासून वाटत असेल तर ते वकिलाला सांगा. केव्हा आणि कुणामार्फत, हे तो ठरवेल.

आणि हे वाचणारं घर समोरचं असेल तर तुमचेही हक्क आहेत. मूल्यमापनाच्या गोपनीयतेचं कारण सांगून तुम्हाला प्रकरणाची कागदपत्रं आणि आदेश नाकारता येत नाहीत. पीडितांच्या भरपाईसाठी सोलापूरच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो, आरोपी अल्पवयीन असला तरी. त्याला आरोपपत्राची वाट बघावी लागत नाही. अर्जाला एफआयआरची प्रत आणि दवाखान्याची बिलं लागतील. बिलं फेकू नका, औषधाच्या दुकानातली साधी पावतीसुद्धा.